भूपातला मध्यम

खोटं वाटलं तर वाटू दे. मी गाणारी आहे, गोष्टी रचणारी नाही. हे गेल्या वर्षी तेवीस एप्रिलला, भर दुपारी तीन वाजता, भाईंदरजवळच्या राई गावात माझ्यासोबत घडलंय.

माझ्या गुरू सुचेताबाई. तिथून जवळच, सिल्व्हर पार्क वस्तीतल्या त्यांच्या घरी मी अकरा वर्षं शिकले. भूप रागात मध्यम, म्हणजे 'म' हा स्वर, लावायचा नसतो.

मी लावायचे.

मग बाई तानपुऱ्याच्या तारांवर तळहात ठेवायच्या. सगळं शांत. त्या स्वतः ती तान बिनमध्यमाची गाऊन दाखवायच्या आणि आपण मुकाट तशीच म्हणायची.

एकदा मी त्यांनी शिकवलेली भूपातली बंदिश गिटार-ड्रम्सवर गायले, मध्यमासकट. बाईंनी मला दार बंद केलं. "माझं नाव घ्यायचं नाही," म्हणाल्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, तेव्हाही अबोलाच होता.

त्या दुपारी तीच बंदिश माझ्या पहिल्या अल्बमसाठी रेकॉर्ड करत होते. रेकॉर्डिंग करणारा हृतिक राईचाच, घरामागच्या खोलीत त्याचा स्टुडिओ आहे. तानपुरा मोबाइलवर लावलेला. मी कानाची पाळी धरून बाईंचं नाव घेतलं. बंदी असली म्हणून काय झालं?

गायला लागले. तान आली... मध्यम आला...

तानपुरा थांबला.

"हृतिक, बंद का केलास?"

"मी हातपन न्हाय लावला, ताय. बघ, चालूच हाय."

मोबाइलवर खरंच चालू दिसत होता.

पुन्हा गायले. पुन्हा त्याच जागी... शांत. पंखासुद्धा ऐकू येईना.

भीती वाटली. पण संताप त्याहून मोठा होता. अकरा वर्षं त्या हाताखाली गप्प बसले होते.

"बाई, ठेवा हात," मी मोठ्यानं म्हणाले. "आज मी थांबणार नाही."

तिसऱ्यांदा त्या शांततेतच गात राहिले. मध्यम दोनदा जास्त लावला.

रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. माझी तान सुरू झाली आणि तिच्याखाली दुसरी बाई गात होती... बिनमध्यमाची, सरळ.

हृतिकचा चेहरा उतरला. "ताय, ह्यो आवाज काढून टाकू?"

"ठेव. आणि खाली नाव लिही. सहगायन, सुचेताबाई."

गाणं तसंच बाहेर पडलं. जाणकारांनी शिव्या घातल्या, पोरांनी डोक्यावर घेतलं. मी आजही कार्यक्रमात तेच गाते. मला कुणी अडवत नाही.

पण गेल्या आठवड्यात हृतिकचा फोन आला. "ताय, आपली मूळ फाइल ऐक जरा. मी काय बी केलं न्हाय."

ऐकली.

खालचा आवाज आता मध्यम लावत होता. चाचपडत... थोडा बेसूर.

काल पुन्हा ऐकली. मध्यम आता जास्त सुरेल लागत होता.

बाई रियाज करतायत.

भीती वाटते, कशाला लपवू? पण मीही रोज पहाटे बसते. माझ्या मध्यमात मी त्यांना पुढे जाऊ देणार नाही.