तीन चंद्रांचं उधाण

"चला, बसा आत! ट्रायल घेतल्याशिवाय इंजिन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, हा माझ्या वर्कशॉपचा नियम आहे!" स्टीवनमामा ओरडला आणि रिचेल, वेदांत आणि क्षितिजा पाण्याच्या टाकीएवढ्या त्या गोल यंत्रात घुसलेसुद्धा!

वालीवच्या शेडमध्ये मामा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली रिचेल त्याची भाची. आचोळ्याचा वेदांत तिच्या वर्गातला आणि क्षितिजा ही वेदांतची धाकटी बहीण, म्हणजे शेपूट. मे महिन्याच्या सुट्टीत तिघं इथेच पडीक असत. तीन दिवसांपूर्वी हे यंत्र आलं आणि त्यांना दुसरं काही सुचेना, कारण यंत्राच्या मालकाला नाकच नव्हतं! दोन डोळे, एक तोंड आणि मध्ये सपाट मैदान. मामाला सांगितलं, तर म्हणाला, "गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नाही, इंजिनाकडे बघायचं." मोठी माणसं डोळे असून किती कमी बघतात!

"फक्त गेटपर्यंत हं!" मामाने बजावलं. मालकाने आत येऊन दांडा ओढला. कसलं गेट नि कसलं काय! शेड, मामा, पाने-पकडी, सगळं एका क्षणात गायब!

"घाबरू नका मुलांनो," गळ्यातल्या डबीतून मालक मराठीत बोलला. "मी प्राध्यापक फुर्रक. आपण माझ्या ग्रहावर चाललोय. आजच्या नव्हे, हजार वर्षांपूर्वीच्या!"

"काय भारी!" वेदांत ओरडला. "पण काका, कशासाठी?"

फुर्रकचा चेहरा पडला. "आमच्याकडे अन्न यंत्रं बनवतात आणि यंत्रं समुद्राच्या पाण्यावर चालतात. पण दर हजार वर्षांनी समुद्र वर्षभर मागे हटतो. यंदा आठ आठवड्यांनी हटणार! मागच्या वेळी आमचे पूर्वज जगले कसे, ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला सांगून आलोय, बाबा उत्तर घेऊनच येईल."

"मग मिळालं उत्तर?" क्षितिजाने विचारलं.

"मिळालं की! ते बांबूंना दोऱ्या बांधून त्यावर झेंडे लावायचे. दोन-दोन झेंड्यांचं लग्न लावून! आमच्या सरकारने दहा लाख झेंडे लावलेसुद्धा. आता फक्त रंग तपासायचा राहिलाय."

झेंडे लावून पोट भरतं? तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तेवढ्यात यंत्र टेकडीवर धप्पकन आदळलं.

खाली निळसर समुद्र, काठावर झोपड्या आणि लांबच लांब बांबूंच्या रांगा. फुर्रकने यंत्रात बसूनच दुर्बीण डोळ्यांना लावली.

"तुम्ही नेहमी इथूनच बघता?" वेदांतने विचारलं.

"खाली चिखल आहे ना!"

रिचेलने दार उघडलं मात्र, तिच्या नाकपुड्या फुलल्या. "अरे देवा! हा तर आमच्या पाचूबंदरचा वास! काका, ते झेंडे नाहीत, मासे आहेत! सुकत घातलेत! आम्ही बोंबील असेच लावतो. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. म्हणजे वारा आला तरी पडत नाही. कडक सुकले की वर्षभर टिकतात!"

"मासे?" फुर्रक मटकन खाली बसला. "आम्हाला नाकच नाही गं. मला कळणार कसं?"

"जवळ जाऊन!" क्षितिजा म्हणाली.

पण रिचेलचं लक्ष आता आकाशाकडे गेलं होतं. भर दुपारी तीन फिकट चंद्र एकाखाली एक येत होते आणि खाली समुद्र, मोठ्या भरतीआधी ओसरतो तसा, नको तितका मागे सरला होता.

"वेदांत, आमच्याकडे अमावास्येला नि पुनवेला उधाण येतं, तेव्हा एका चंद्रानेच पानी अंगणात शिरतं. इथे तीन आहेत, तेही एका रांगेत! सगळा माल जाईल! हे लोक वर्षभर खातील काय?"

"थांबा!" फुर्रक किंचाळला. "नियम सात! भूतकाळाला हात लावायचा नाही!"

"आणि हे उपाशी मेले, तर तुम्ही आणि तुमची मुलगी जन्माला येणार कुठून?" रिचेल कडाडली आणि धावत सुटली.

गाव दुपारच्या झोपेत होतं. वेदांतने एक पालथं पातेलं बडवायला सुरुवात केली. बिननाकाची माणसं डोळे चोळत बाहेर आली. भाषा कुणाला येत होती? रिचेल बोलण्यात वेळ न घालवता दोरीवरच्या जोड्या सपासप उतरवून टोपलीत टाकू लागली आणि बोट आकाशाकडे करू लागली. एका म्हातारीने मान वर केली. तीन चंद्र, एक रांग! तिने अशी काही हाळी दिली की अख्खं गाव बांबूंवर तुटून पडलं.

टोपल्या भरल्या, पण टेकडीवर न्यायला माणसं अपुरी! फुर्रक अजून दारातच हात चोळत उभा होता.

"काका," क्षितिजा शांतपणे म्हणाली, "हात लावायचा नाही, एवढंच नियमात आहे ना? मग डोक्यावरून न्या की!"

फुर्रकने क्षणभर विचार केला आणि चिखलात उडी मारली! वेदांतने त्याच्या डोक्यावर टोपली ठेवली. दोन्ही हात पाठीमागे बांधून, घसरत, धडपडत प्राध्यापकमहाशयांनी अकरा खेपा केल्या!

शेवटची टोपली वर आली आणि समुद्र गर्जत आत घुसला. बांबू मोडले, झोपड्या वाहून गेल्या. पण माणसं आणि मासे टेकडीवर सुखरूप होते. म्हातारीने रिचेलला घट्ट मिठी मारली. रिचेलचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवलेही नाहीत.

"लागतो का गेटपर्यंत एवढा वेळ?" परत आल्यावर मामा गुरगुरला. मग चिखलाने माखलेल्या चौघांना बघून त्याने ऐकून घेतलं, सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "तीन दिवस मी नुसतं इंजिन बघत बसलो," तो ओशाळून म्हणाला. "शाबास पोरांनो!"

संध्याकाळी फुर्रक पाचूबंदरला रिचेलच्या आईकडे, क्रिस्टिनाकडे, शिकवणीला बसला. पहिल्या वीस जोड्या त्याच्या हातून वाळूत पडल्या, एकविसावी टिकली! मग त्याने डबीतून आपल्या सरकारला फोन लावला. "झेंडे उतरवा! बांबू आणि दोऱ्या राहू द्या! आणि आठ आठवडे सगळ्यांनी मासे पकडा!"

पलीकडून, सरकारी कचेरीत त्याची वाट बघत बसलेल्या मुलीचा चिमुकला आवाज आला. "बाबा, मग आपल्याला जेवायला मिळणार?"

"रोज मिळणार, बाळा," फुर्रक म्हणाला आणि वाळूत बसून लहान मुलासारखा रडला.

क्रिस्टिनाने त्याच्यापुढे चहा ठेवला, वेदांत-क्षितिजाच्या पाठी थोपटल्या आणि लेकीला जवळ ओढलं. "पानी चढायच्या आधी परक्याचा माल वर काढलास गो! आजपासून या वाडीतली तू मोठी कोलीन. उद्या माझ्या शेजारी बसून माल लावायचा."

रिचेल आईला आणखीच बिलगली. आईच्या शेजारची ती जागा आजवर आजीची होती.