मुख्य आणि राखीव

सर्व्हरच्या खोलीत मरणाची थंडी, म्हणून ती शाल घेऊनच आत जायची. त्या दुपारी चाचणी होती. दुकानाच्या वेबसाइटवर गिऱ्हाईक टोपलीत जे जे टाकी, ते सगळं मुख्य सर्व्हर नुसतं स्मरणात धरून असे, आणि शेजारचा राखीव त्याची सतत नक्कल करून ठेवी. तीन पहारेकरी प्रोग्रॅम मुख्याला हाका मारत राहत. ओ आली नाही आणि दोघांचं तरी एकमत झालं, की मुख्य मेला असं धरायचं, राखीवाला त्याच्या जागी बसवायचं. माणसाला विचारायचं नाही.

तिने मुख्याची केबल उपसली. पंखा गरगरत होता, हिरवा दिवा लुकलुकत होता. पडद्यावर मात्र ओळ उमटली: मुख्य बंद. राखीव कामाला लागला, बाहेर कुणाला पत्ताही नाही.

“धडधडीत जिवंत आहे हो हा,” ती म्हणाली.

“मेलाय की नाही, ते त्याला कोण विचारतंय?” शेजारी उभे असलेले साहेब हसले.

केबल परत जोडल्यावर काय करायचं, ते तिनेच ठरवून दिलं होतं. जुना परतला तर त्याने भांडायचं नाही. आपलं सगळं पुसायचं आणि नव्याचं स्मरण भरून घ्यायचं.

त्या खोलीत फोनला रेंज नसे. बाहेर येताच तो थरथरला. पाळणाघरातल्या बाई, सासूबाई, नवरा. तिघांचे फोन येऊन गेले होते. तिने आधी पाळणाघरात फोन लावला. सकाळी लेकीचं अंग कोमट लागलं होतं, तरी तिने तिला सोडलंच होतं.

पाळणाघरातल्या बाई बुचकळ्यात पडल्या. “अहो, ताप चढला म्हणून फोन केला होता. पण तुम्ही नेलंत की तिला मघाशीच.”

नवरा वैतागला. ताप उतरतोय असं आत्ताच तूच सांगितलंस, मग पुन्हा काय, म्हणाला. सासूबाईंनी फोन उचलला नाही.

टॅक्सीत तिने मनाला समजावलं, काहीतरी घोळ झाला असेल. आणि तेवढ्यात तिला आठवलं. मघाशी घरी लेकीने औषध थुंकलं होतं, चमचा पलंगाखाली गेला होता, वाकून काढताना डोक्याला लाकूड लागलं होतं. तिने कपाळ चाचपलं. काहीच दुखत नव्हतं. सकाळी सोडताना लेक रडली होती की हसली होती, ते मात्र काही केल्या आठवेना.

घराचं दार लोटलेलं होतं. सासूबाई लेकीच्या झबल्यांच्या घड्या घालत होत्या.

“आई,” तिने हाक मारली.

त्यांनी मान वर केली नाही.

आतल्या खोलीतून आवाज आला. तिचाच. “आई, कोण आलंय?”

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं. नीट पाहिलं.

“कोणी नाही गं. निजव तू तिला.”

लेकीला नाव घेऊन बोलवावं म्हणून तिने तोंड उघडलं.

नाव आलं नाही.

मग सगळंच एकदम आठवलं. आपण आतच आहोत, पलंगावर. लेकीचा गरम गाल दंडाला चिकटलाय. दाराशी चाहूल लागल्यासारखं वाटलं म्हणून आपण विचारलं, आणि आई म्हणाल्या, कोणी नाही.

तिने लेकीचं पांघरूण सारखं केलं. बाहेर सासूबाई उठल्या, त्यांनी दार लावलं आणि आतून कडी घातली.