वायर माझ्या हातात होती

सहा वर्षं एक पत्र माझ्या खणात पडून होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही.

पुढे जे सांगतोय ते घडलेलं आहे. मी जन्मभर शब्दकोशाचं काम केलं; गोष्ट रचण्याइतकी कल्पनाशक्ती माझ्याकडे कधीच नव्हती. विश्वास ठेवायचा की नाही, तुम्ही ठरवा. माझा स्वतःवरच पुरता बसत नाही.

पत्र सूचीबाईंचं होतं. कोशांच्या सूची त्याच करायच्या, म्हणून कचेरीत सगळे त्यांना सूचीबाई म्हणायचे. वनस्पतींच्या नावांचा कोश आम्ही दोघांनी अकरा वर्षं खपून केला. छापून आला तेव्हा मुखपृष्ठावर एकच नाव होतं.

माझं.

पत्रात दोनच ओळी होत्या. "माझं नाव कुठे गेलं? तुम्ही काढलंत की कुणी काढायला लावलं, एवढंच कळवा."

मीच काढलं होतं. पण हे कळवायचं कसं? पाच वेळा लिहायला बसलो. पाचही कागद फाडले.

गेल्या वर्षी बाई वारल्या. महिन्याभराने त्यांचे भाऊ बाईंचा कॉम्प्युटर घेऊन दारात उभे.

"ताईने सांगून ठेवलं होतं, हा तुम्हालाच द्यायचा. आत दोन हार्ड डिस्क आहेत. मोठी कोरी आहे. लहान डिस्कवर तिचं सगळं काम आहे, तेवढं पुसू नका."

मला कोशाची दुसरी आवृत्ती तयार करायची होती. बाईंची सिस्टीम जुनी, नवं सॉफ्टवेअर तिच्यावर चालेना. म्हणून मोठ्या डिस्कवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचं ठरवलं.

मंगळवार होता. भर दुपार. खोलीत लख्ख ऊन.

दुरुस्तीवाला फोनवर होता. "काका, आधी लहान डिस्कची वायर काढा. भल्याभल्यांचं घाईत चुकतं. नको ती डिस्क पुसतात आणि मग माझ्या नावाने बोंब."

मी झाकण उघडलं. वायर काढली. उगाच शंका नको, म्हणून तिचं टोक डाव्या हातात धरून बसलो.

सिस्टीम कुठल्या डिस्कवर टाकायची, ते विचारायला पडद्यावर यादी आली...

यादीत दोन डिस्क होत्या.

"दोन दिसतायत," मी म्हणालो.

"वायर काढल्यावर दिसेल कशी? काका, चष्मा पुसा बरं."

चष्मा पुसला. वायर माझ्या हातात होती. आणि लहान डिस्क... पहिल्या ओळीत होतीच.

इथे मी काय केलं, ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

मी फोन ठेवला. त्या डिस्कवर बाईंची अकरा वर्षं होती. कोशात त्यांचा वाटा किती, याचा दुसरा पुरावा कुठेच नव्हता. मनाला म्हटलं, डिस्क जोडलेलीच नाही, तर पुसलं काय जाणार?

आणि पहिली ओळ निवडली.

"या डिस्कवरचं सगळं कायमचं जाईल. नक्की?"

हो.

मग... कर्... कर्... कर्...

न जोडलेली डिस्क फिरत होती. हातातली वायर गरम झाली.

घाबरून टाकली ती. पण काम थांबलं नाही. मी हात लावला नव्हता, तरी मोठ्या डिस्कवर सिस्टीम बसत गेली. शेवटी पडद्यावर प्रश्न आला. तुमचं नाव?

मी टाइप केलं. अक्षरं उमटली... आणि मागून एकेक पुसली गेली.

पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा मी कीबोर्डपासून हात दूर घेतले.

चौकटीत बाईंचं पूर्ण नाव आलं. आडनावासकट.

मी प्लग ओढून काढला.

दुसऱ्या दिवशी कपाटातला कोश उघडला. माझ्या नावाच्या जागी कोरा कागद. बोट फिरवून पाहिलं. शाईचा मागमूसही नाही.

गुरुवारी ग्रंथालयातून फोन. "काका, तुमच्या कोशाची नोंद बघतोय. लेखकाची जागा रिकामी कशी हो?"

शुक्रवारी बायको बाहेरून आली. "अहो, दारावरची पाटी कुणी घासली? एक अक्षर शिल्लक नाही."

मला राहवलं नाही. "माझं नाव घे."

"चाळीस वर्षं 'अहो'वर भागलं. आता या वयात काय नडलं?"

"एकदाच घे."

ती हसली. तोंड उघडलं... आणि तशीच राहिली. हसू हळूहळू विरलं.

"अहो," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आठवत नाहीये."

त्याच संध्याकाळी खणातून पत्र काढलं. सहा वर्षांत सुचलं नव्हतं ते चार ओळींत उतरलं. "नाव मीच काढलं. कुणी काढायला लावलं नव्हतं. तुमची डिस्कही मीच पुसली, जाणूनबुजून. दुसऱ्या आवृत्तीवर फक्त तुमचं नाव असेल."

पाकिटावर बाईंच्या घरचा पत्ता घातला. भाऊ अजून तिथेच राहतात. ते उघडतील.

ही हकीकत मी माझ्या नावानिशी पाठवतोय. वर ते तुम्हाला दिसतंय का, मला खात्री नाही.

उत्तराखाली सही केली. शाई वाळेपर्यंत नजर हलवली नाही. सही जागेवर होती. पाकीट चिकटवलं, तेव्हाही होती.

आज सकाळी ते टपालपेटीत टाकलं.

आतून आवाज आला... कर्... कर्...