ब्रेकसरांची गार हवा

तो वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा तिच्या हातात पत्रा कापायची कात्री होती. त्याला ओळखल्यावरही ती तिने खाली ठेवली नाही.

"तुम्ही?"

"तुम्ही...?" त्याच्याही तोंडून तेवढंच निघालं. त्याच्या काखेत हातभर लांब ॲल्युमिनियमचा पाईप होता आणि हातात शंकूसारखा एअर फिल्टर.

गेल्या महिन्यात तिची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. ड्रायव्हिंग स्कूलमधले तिचे नेहमीचे सर आजारी, म्हणून शेजारच्या सीटवर हा बसला होता. चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे काढायची होती. गाडी वीतभर मागे सरकली, आणि याने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात, पण परीक्षेत शिकवणाऱ्याने दाबला की उमेदवार नापास. त्या दिवसापासून तिच्या घरात याचं नाव ब्रेकसर.

"आम्ही डक्ट बनवतो. स्वयंपाकघराच्या, एसीच्या. गाड्यांचं काही नाही," ती म्हणाली.

"डक्टच हवीय. इंजिनासाठी." तो भराभर बोलू लागला. "आमची गाडी बॉनेटखालची तापलेली हवा ओढते आणि चढावर धापा टाकते. हवेचं तोंड बंपरच्या जाळीमागे नेलं तर तिला बाहेरची गार हवा मिळेल. पाईप जमवला, फिल्टर जमवला. फक्त फिल्टरला इंजिनाची धग लागू नये म्हणून पत्र्याचा आडोसा हवाय. त्या दिवशी तुमचं जे झालं ना, ते खरं तर गाडीमुळे—"

"गाडीमुळे नाही." तिने कात्रीचं टोक त्याच्या उजव्या पायाकडे वळवलं. "याच्यामुळे."

त्याने आपल्या पायाकडे पाहिलं. मग मान वर केली. "हो. याच्यामुळेच."

आता मात्र तिने कात्री खाली ठेवली.

बाबांनी तिला सांगून ठेवलं होतं, ड्रायव्हिंगचा परवाना आण, व्हॅन तुझी आणि वर्कशॉपही तुझं. नाहीतर कारभार बघायला दाजी येतील. दाजींना पत्रा कुठल्या बाजूने धरायचा हेही ठाऊक नव्हतं, पण त्यांच्याकडे परवाना होता.

"आडोसा मी करून देते," ती म्हणाली. "बदल्यात रोज संध्याकाळी चढावर सराव. आणि पुढच्या परीक्षेला शेजारी तुम्हीच बसायचं."

"मी? अहो, पण मीच तर..."

"म्हणूनच."

तिने आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, मग पत्रा. कुणाचं बोट कापू नये म्हणून कडा आत दुमडल्या. दारात उभ्या शिकवायच्या गाडीत तो पाईपचं तोंड अगदी खाली ठेवायला निघाला, तेव्हा तिने त्याचं मनगट धरून वर घेतलं.

"इथे ठेवलंत तर गाडी डबक्यातलं पाणी पिईल."

"अं... हो." मनगट सोडवून घ्यायची त्याला घाई नव्हती.

इंजिन सुरू केलं तर थरथरायला लागलं. ती बॉनेटखाली वाकली. तोही वाकला.

"ऐकू येतंय? सूं... सूं... पाईपच्या जोडातून हवा आत शिरतेय."

त्याला काही ऐकू येत नव्हतं. तिच्या कानामागची पेन्सिल त्याच्या चष्म्याला टेकली होती, आणि त्याला हलायचं नव्हतं. तिने जोडावरचा क्लॅम्प आवळला. इंजिन शांत झालं, मग गळ्यातल्या गळ्यात गुरगुरलं.

"फरक थोडासाच पडेल हं," तो म्हणाला.

"मला वीतभरच हवाय."

आतून बाबांची हाक आली, "अगं, झालं का तुमचं? एवढ्या वेळात अख्ख्या हॉटेलची डक्ट झाली असती!"

सराव सुरू झाला. गाडी आता दमाने चढायची, पण जरा मागे सरकली की त्याचा पाय ब्रेकवर.

"पाय!" ती ओरडायची.

"सॉरी... आपोआप जातो. घरी टीव्ही बघतानाही जातो."

"लग्नात नवरी समोर आली तरी ब्रेक दाबाल तुम्ही."

"नवरी समोर यायला हवी ना आधी."

"आली तर?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. चढावरची गाडी मागे मागे निघाली, आणि तेवढ्या एकाच वेळी ब्रेक दाबायचं दोघांनाही सुचलं नाही. खालच्या दूधवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा तिने घाईघाईने हँडब्रेक ओढला.

परीक्षेच्या दिवशी रस्ता ओला होता. मागच्या सीटवर गेल्या वेळचेच परीक्षक येऊन बसले. चढाच्या मध्यावर ते म्हणाले, "थांबवा. आता काढा पुढे."

तिने हँडब्रेक सोडला. गाडी बोटभर मागे... मग चार बोटं... शेजारून आता धक्का बसणार, म्हणून तिचे खांदे आवळले. धक्का आला नाही. तिने क्लच हळूच सोडला, ॲक्सिलरेटर दाबला. बॉनेटखाली पाईपने मोठा श्वास ओढला, गाडी गुरगुरली आणि सरळ वर निघाली.

"बाजूला घ्या," वर पोचल्यावर परीक्षक म्हणाले. "पास. आता मागे हे बूट कुणाचे आहेत ते सांगा."

तिने शेजारी पाहिलं. ब्रेकसर सीटवर मांडी घालून बसले होते. अनवाणी, दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरून.

परीक्षक हसत उतरून गेले. काचेवरून पाण्याचा एक थेंब ओघळला.

"भीती वाटली?" तिने विचारलं.

"खूप."

"मग डोळे मिटून घ्यायचे."

"तुम्ही दिसला नसतात..."

ती समोर बघत राहिली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, पण आवाज ठाम होता. "बाबांना सांगायचंय, पास झाले. आणि तुम्हालाही दाखवायचंय त्यांना. नीट."

"नीट म्हणजे?"

"बूट घालून."

"मग... आता पाय खाली सोडू?"

"घर येईपर्यंत नको." तिने गिअर टाकला.

पुढे उतार होता. गाडी वेगात निघाली, आणि त्याने मांडी मोडली नाही.