दुपारच्या बादल्या

आरशाने ऊन खाली सोडून मी वादळात विहिरीत पडलेलं सगळं मोजलं. पाण्याबाहेर दिसत होते ते कठड्याचे आणि ढासळलेल्या भिंतीचे चाळीस दगड, खुराड्याचे दोन पत्रे, रामोन नावाच्या झाडाची एक फांदी आणि बासिलियाआत्याची निळी खुर्ची. पाण्याखाली किती होतं ते कळायला मार्ग नव्हता. डासांच्या अळ्या खायला विहिरीत सोडलेलं कासव आत नव्हतं. ते वादळानंतर अंगणात, संत्र्याच्या बुंध्याशी सापडलं होतं. विहीर आठ मीटर खोल, आणि वादळात पाणी निम्म्यावरही चढलं नव्हतं. भिंतीवरची गाळाची रेघ तसं स्पष्ट सांगत होती. मी कासवाच्या पाठीवरचा चिखल पुसला आणि तो प्रश्न बाजूला ठेवला.

"रविवारी ट्रक घेऊन येतोय," आतेभाऊ एर्मिलो मेरिदा शहरातून फोनवर म्हणाला. "विहीर सुरू झाली नसेल तर आई माझ्याबरोबर येणार. नेल्मी, तू भूजल शिकलीस ना? समजाव तिला."

आत्याने माझ्या हातातून फोन घेतला. "तिसऱ्या मजल्यावर डुकरीण कुठे बांधू रे? गॅलरीत?" तिने विचारलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी निकानोरकाका आले. गावातल्या निम्म्या विहिरी त्यांनी उपसल्या होत्या, आणि हे ते कुणालाही विसरू देत नसत. कमरेला दोर बांधता बांधता त्यांनी विचारलं, "वहिनी, मालकाला दिलंत?"

"तुमच्या आधी दिलंय. ते बघा."

विहिरीच्या तोंडाशी तुंब्याची वाटी ठेवलेली होती. विहिरीच्या मालकाला, म्हणजे तिथल्या न दिसणाऱ्या राखणदाराला, साका देतात, म्हणजे चुन्याशिवाय शिजवलेला मका, पाण्यात कालवून. काम करणाऱ्यांना केयेम. त्यातला मका चुन्यात शिजवलेला असतो आणि वर मीठ घालतात. दोन्ही पांढरी, दोन्ही तशाच वाटीत.

दुपारपर्यंत काका खाली दगड भरत होते, आत्या आणि मी कप्पीवरून ओढत होतो. दोरीला दोन हिसके म्हणजे बादली भरली. एक म्हणजे खाली काही पाठवा. काम फारसं सरकलं नाही. काका वर आले, सावलीत बसले, त्यांनी आपली वाटी तोंडाला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, मीठ महाग झालं का? अळणी आहे हे."

आत्याने बोट बुडवून चाखलं. "हा साका आहे," ती म्हणाली.

आम्ही तिघांनी विहिरीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथली वाटी रिकामी होती.

"अहो, मालकाला मजुराची वाटी दिलीत!" काका हसले, पण हसू पुरतं आलं नाही.

तेवढ्यात दोरीला दोन हिसके बसले.

"बादली दगडावरून घसरली असेल," मी म्हणाले.

पुन्हा दोन हिसके.

आत्या उठली. मी तिच्यामागे. बादली वर आली ती काठोकाठ भरून: मोठे दगड खाली, लहान वर, फटींत गाळ दाबून बसवलेला. काकांनी सकाळी एकही बादली अशी भरली नव्हती.

"आणि संध्याकाळी त्याने मजुरी मागितली तर?" काका हळूच म्हणाले.

"तुम्ही मागता तेव्हा मी कधी पळून गेले? ओढा."

आम्ही ओढत राहिलो. बादली तळाला टेकली की लगेच हिसके यायचे. मी आरसा धरला. पाणी ढवळलेलं होतं, त्यापलीकडे काही दिसलं नाही. पत्रे आले. फांदी आली, एकसारखे तुकडे केलेली. निळी खुर्ची आली, धुतलेली.

मग एकच हिसका.

आत्याने चुना कालवला आणि खाली सोडला. मग दगड. पुन्हा चुना.

ऊन उतरलं तेव्हा दोर शांत झाला.

शनिवारी काका खाली गेले आणि लगेच वर आले. "झालंय," एवढंच बोलले. ढासळलेली भिंत पुन्हा उभी होती. सांध्यात त्यांच्या चाकूचं पातं शिरत नव्हतं. वरचा कठडा आम्ही तिघांनी बांधला. तो जरा तिरका झाला.

रविवारी एर्मिलो ट्रक घेऊन आला तेव्हा अंगणात बादल्यांची रांग लागली होती. शेजारणी गात होत्या, डुकरीण मोकळी फिरत होती. पाणी काचेसारखं होतं. मी तपासलं: क्षार नाहीत, वास नाही, जंतू नाहीत. एर्मिलोने कठड्यावर हात आपटला. "हरलो, आई. राहा इथेच!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्या रडत रडत हसत होती. ट्रकमध्ये तिने त्याला संत्र्यांचं पोतं भरून दिलं, आणि जाता जाता विहिरीच्या तोंडाशी केयेमची एक वाटी ठेवली, मीठ घालून.

एर्मिलोने तोंड धुतलं. "गंमत आहे," तो म्हणाला. "पाणी अंगाला जाणवतच नाही."

आत्याने कोपरापर्यंत हात बादलीत घातला. "खरंच की. हात आत आहे हे बघितल्याशिवाय कळत नाही."

मी दोरीला तापमापी बांधून खाली सोडली. शेजारच्या विहिरीत सव्वीस अंश होते. आमच्या विहिरीत, तीन वेळा मोजून, छत्तीस पूर्णांक आठ, जिवंत माणसाच्या अंगाइतके.