तिसरा खुलासा

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या बुटांना घोट्यापर्यंत चिखल होता, आणि फरशी मी नुकतीच पुसली होती.

“एजे, यंत्राची खोली कुठे आहे?”

“एजे? ताई कुणाला म्हणता? चार वर्षांनी तरी लहान असेन मी तुमच्यापेक्षा. एवढी थोराड दिसते?”

तो गडबडला. बूट काढून हातात घेतले. मोजेही भिजलेले... “मी एर्मेक. मुख्य कचेरीतून, बिश्केकहून आलोय. सकाळपासून तुमच्याकडे इंटरनेट बंद आहे ना... ते मीच बंद केलंय.”

“अगं बाई! म्हणजे तुम्ही होय तो!”

नारीनमध्ये आमच्या कंपनीच्या तक्रारखिडकीवर मी एकटीच. सकाळपासून अख्ख्या गावाच्या शिव्या खाऊन माझं डोकं उठलं होतं. आणि हा दारात उभा, हातात बूट, चेहऱ्यावर अपराधी हसू. रागवावं तरी कसं?

चहा पिता पिता त्याने सगळं सांगितलं. आमच्या खोलीत एक साधा संगणक होता. त्यावर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही मोकळं असलेलं सॉफ्टवेअर चालायचं. गावात येणारं-जाणारं माहितीचं प्रत्येक पॅकेट तेच पुढे ढकलायचं. बिश्केक आणि नारीन, दोन्ही टोकांनी वेग आपापसात ठरवून घ्यायचा, अशी एरवीची रीत. पण मधलं भाड्याचं उपकरण जुनाट, त्याला ती बोलणी कळत नसत. म्हणून दोन्हीकडे हाताने लिहून ठेवायचं : वेग हजार, आणि ठाम. एका टोकाला जरी दुसरा आकडा पडला, की जोडणी तुटून यंत्रावरचा दिवा विझला. त्या सकाळी बिश्केकला बसून आमच्या टोकाला त्याने एक शून्य जास्त टाकलं होतं. आणि ते पुसायला यायची वाट तीच, बंद पडलेली.

“म्हणजे स्वतःच्याच तोंडावर दार लावून घेतलंत!”

“आणि किल्ली आत.”

“मला फोन करायचा. मी खोडलं असतं की एक शून्य.”

“यंत्राला मुख्य कचेरीच्याच माणसाने हात लावायचा. नियम आहे.” मग हळूच म्हणाला, “बरं झालं, नियम आहे ते...”

मी कपात बघत बसले. कान तापले होते माझे.

निघताना त्याने माझ्याच खिडकीवर बसून खुलासा लिहिला. आमच्याकडे चूक करणाऱ्याने ती स्वतःच्या हाताने कागदावर लिहून सही करायची. नोकरी पक्की होण्याआधी तीन खुलासे झाले, की माणूस घरी.

“हा पहिला,” तो म्हणाला.

“आणखी दोन वेळा या मग,” मी म्हणाले. काय बोलून गेले! पण तो असा हसला, की ते परत घ्यावंसं वाटेना.

जूनमध्ये खरंच आला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली, तिच्यात वेग ठाम ठेवणाऱ्या ओळीचं नाव बदललेलं. याने जुनंच ठेवलं, आणि यंत्र पुन्हा त्या मुक्या उपकरणाशी बोलणी करत बसलं. दुसरा खुलासा. या खेपेला मी आईकडून गरम बोरसोक, तळलेल्या पिठाचे फुगे, आणून ठेवले होते. तो खाताना बोलत होता, बोलताना बघत होता, आणि मी... मी कसली ऐकतेय! नदीकाठी पॉपलरच्या झाडांखाली चालताना त्याने माझा हात धरला. तळवा घामेजलेला. माझा की त्याचा, कोण जाणे.

“जिबेक, तिसऱ्यांदा चुकून चालणार नाही. ऑक्टोबरअखेर नोकरी पक्की होईल. मग आई येईल मागणी घेऊन, तुझ्या कानात डूल घालायला. चालेल?”

“डूल कसले आहेत त्यावर ठरवू.”

“चांदीचे. आजीचे.”

“मग... बघू,” मी म्हणाले. पण डोळ्यांनी कधीच होकार देऊन टाकला होता, आणि त्याला तो दिसला होता.

त्या दिवशी त्याने नियम मोडला. आपला पासवर्ड मला लिहून दिला, ओळ कुठे असते ते दाखवलं. “काही बिघडलं तर फोनवर सांगेन, तू दोन मिनिटांत नीट करशील. मला यायलाच नको.”

यायलाच नको! आनंदाच्या भरात ते शब्द मला टोचलेही नाहीत. टोचले ते नंतर. जुलै गेला, ऑगस्ट गेला. फोन रोज यायचा, पण माणूस येईना. या रविवारी येतोस?... नाही गं, काम आहे. पुढच्या रविवारी... साहेब सोडत नाहीत. शेजारच्या टपालखात्यातली बुर्माकान रोज चिडवायची, “काय गं, तुझा शहरातला पाहुणा वाट विसरला वाटतं?” मी हसायचे. घरी जाऊन उशीत तोंड खुपसायचे.

सप्टेंबर संपला तरी तेच. ऑक्टोबरच्या एका गुरुवारी सकाळी त्याने पुन्हा ‘या रविवारी नाही जमणार’ म्हणून कळवलं. माझं डोकंच फिरलं. यंत्रापाशी गेले, त्याच्या पासवर्डने आत शिरले. हजाराच्या जागी शंभर लिहिलं. दिवा विझला.

वाटलं, दोष मधल्या भाड्याच्या उपकरणावर ढकलतील. मी फोन उचलणार नाही, मग तो येईल, दोन मिनिटांत नीट करील, मग बसेल माझ्याजवळ. एवढंच हवं होतं मला. खरंच एवढंच.

दुपारी गाडी थांबली. एर्मेक उतरला, आणि त्याच्यामागून त्याचे साहेब तुर्दुबेक, सगळ्यांचे ‘बाइके’, थोरले दादा. मी हातातली किटली भरलेल्या कपातच ओतत राहिले. एर्मेकने नजरेनेच मला धीर दिला. वेड्याला वाटलं, मी साहेबांना घाबरलेय.

साहेब यंत्रासमोर बसले. कोण कधी आत शिरलं, काय बदललं, सगळं यंत्र टिपून ठेवतं. मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं हो!

“दहा वाजून वीस मिनिटं,” साहेबांनी वाचलं. “हजाराचे शंभर. एर्मेक, तुझ्या नावाने. बिश्केकला बसल्याबसल्या पुन्हा तेच केलंस?”

एर्मेक पडद्याकडे बघत राहिला. मग वळून माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. मला दिसलं, त्याला कसं कळत गेलं ते.

बोल जिबेक... बोल! एक वाक्य होतं. मी केलं. पण बोलले तर माझी नोकरी जाणार, गावात छी-थू होणार, आणि त्याने पासवर्ड दिला तेही उघडं पडणार. अशी कारणं मला पटापट सुचत होती. आणि मी किटलीचं झाकण बसवत राहिले.

“हो बाइके,” तो म्हणाला. “माझी चूक.”

माझ्याच खिडकीवर, माझ्याच पेनाने त्याने तिसरा खुलासा लिहिला. साहेब कागद घेऊन गाडीत जाऊन बसले. मी धावत एर्मेकच्या मागे पायरीपर्यंत गेले.

“एर्मेक, मला फक्त तू यायला हवा होतास...”

“बोलवायचं होतंस.”

“तीन महिने बोलावतेय!”

“हो... ते खरं आहे.” तो बुटांकडे बघत म्हणाला. “त्याचं काही नाही गं. त्यावर आपण भांडलो असतो, हसलो असतो. पण आत, मी तुझ्याकडे बघितलं तेव्हा... तू किटलीकडे बघत होतीस.”

तो गेला.

दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. शनिवारी मी कागद घेतला आणि सगळं लिहिलं : पासवर्ड, शंभर, दहा वाजून वीस मिनिटं. सही केली, बिश्केकला जाणाऱ्या गाडीने पाठवला. सोमवारी साहेबांचा फोन आला. मी उभीच राहिले.

“पोरी, तुझं पत्र मिळालं. फाडून टाकलं.”

“बाइके, पण ते खरं आहे! शपथेवर सांगते, मीच...”

“असू दे, असू दे. चांगली पोर आहेस. एर्मेक जाताना सांगूनच गेला होता, जिबेक मला वाचवायला सगळं स्वतःवर घेईल, तिचं ऐकू नका.”

“कुठे गेला तो?”

“ते नाही सांगितलं त्याने. ‘कुणाला सांगू नका’ म्हणून तरी सांगितला असता, तर निदान पत्ता असता माझ्याकडे.”

मी फोन ठेवला. खिडकीवर दोन म्हाताऱ्या येऊन उभ्या होत्या. इंटरनेट छान चालतंय म्हणून सांगायला आल्या होत्या. मी त्यांना बरं म्हटलं. आयुष्यात एकदाच मी सगळं खरं लिहून दिलं होतं, आणि ते कुणी खरं मानू नये, याची सोय तो आधीच करून गेला होता.