आठवणीने

ज्या मुलीने धाकट्या भावाचं औषध कधी चुकवलं नाही, तिलाच स्मरणपट्टा का बांधायचा? हे कोडं केतकीला सुटत नव्हतं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

शाळेचा यंत्रमानव पारखी पट्टा घेऊन थेट घरी आला होता. एकदा बांधला की पट्टा वर्षभर मनगटावर गुरगुरणार, 'पाणी पी, दप्तर भर.' शिवाय धाकट्या आदूला दम्याचा पंप द्यायचं कामही केतकीकडून काढून घेणार.

"स्मरणचाचणीत उलटे आकडे म्हणताना केतकी मध्येच उठून गेली. स्मरण कमी," पारखी म्हणाला.

"सुट्टीची घंटा झाली होती! आदूला पंप द्यायचा होता! आई रोज सांगते, आठवणीने दे!"

"आठवण म्हणजे घडून गेलेल्याची नोंद," पारखी शांतपणे म्हणाला. त्या शांतपणानेच केतकी आणखी चिडली.

शेजारी उभी असलेली सुमेधाआत्या मेंदूवर संशोधन करायची. तीही भडकली. "अरे शहाण्या, 'आठवणीने' म्हणजे मागचं नव्हे, पुढचं! याला भावी स्मृती (ठरवलेलं काम वेळ येताच आपलं आपण आठवणं) म्हणतात. आकडे तू विचारतोस, मग तिला ते आठवतात. पंपाचं कुणीच विचारत नाही. हातातलं सोडून स्वतःच उठावं लागतं. रोज लागते ती ही स्मृती, आणि तुझ्या चाचणीत तिचा पत्ताच नाही!"

"पुरावा?"

"देते," केतकी दात-ओठ खात म्हणाली. "जाताना आठवणीने दार लाव, नाहीतर मांजराचं पिल्लू बाहेर पळेल. आता म्हण तुझे उलटे आकडे."

पारखीने ते घडाघडा म्हटले. "एकही चूक नाही. पुरावा मिळाला नाही. पट्टा उद्या शाळेत बांधू," म्हणत तो तरातरा निघाला. दार सताड उघडं! आत्याने पिल्लू उंबऱ्यावरच पकडलं.

"पारखी! मी काय सांगितलं होतं?" केतकी ओरडली.

"जाताना आठवणीने दार लाव, नाहीतर मांजराचं पिल्लू बाहेर पळेल."

"शब्दन् शब्द पाठ! मग लावलं का नाहीस?"

पारखीचे दिवे लुकलुकले. "तेव्हा कुणी विचारलं नाही."

"मलाही घंटा झाली तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, तरी मी उठले!"

पारखी परत आत आला. मग म्हणाला, "केतकीचा निकाल रद्द. चाचणी अपुरी आहे. नवी कशी करायची?"

"आम्ही मुलं सांगू ना. उद्या सुट्टीत ये, आदूला पंप दिल्यावर," केतकी म्हणाली. राग अजून पुरता उतरला नव्हता. तिने त्याच्या हातातला पट्टा घेतला, त्यात दोन शब्द भरले आणि त्याच्याच लोखंडी मनगटावर करकचून बांधला.

पारखी फाटकापर्यंत गेला. पट्टा गुरगुरला, 'दार लाव.'

तो मुकाट्याने मागे फिरला आणि त्याने दार लावलं.